आधी फौज, मग जकात

संध्याकाळचे सात. महादेवपुऱ्यात ग्रॅफाइट इंडियाच्या सिग्नलला तुमची कॅब वीस मिनिटं एकाच जागी उभी आहे आणि कानात मीटिंग चालू आहे. काम संपलंय, गप्पा उरल्यात. फ्रँकफुर्टचा सहकारी म्हणतो, कधीतरी आमचा सगळा युरोप एकच देश होईल. लिस्बनची सहकारी हसते, "मग फौज कोणाची?" तुम्ही पडलात सोलापूरचे, तुम्हाला गप्प बसवत नाही. "आमच्याकडे साडेपाचशेवर संस्थानं बघता बघता एक झाली. त्यात काय एवढं!"

कॉल तुटतो. खिडकीबाहेर बघावं तर खिडकीच नाही.

तुम्ही तळ्याच्या बांधावर उभे आहात, बुटात चिखल. समोर नाचणी. काचेचा एक मनोरा नाही, हॉर्न नाही, लांबून मद्रासच्या गाडीची शिट्टी तेवढी येते. तारीख 9 ऑगस्ट 1947. ही जमीन म्हैसूर संस्थानची. बंगळूरची इंग्रजी छावणीसुद्धा महाराजांना परत मिळाली, त्याला पुरते पंधरा दिवस झालेले नाहीत. आणि आज जयचामराज वाडियार सामीलनाम्यावर सही करताहेत.

तुम्ही त्यांच्या खांद्यावरून डोकावता. तुम्हाला वाटलं होतं, काहीतरी भव्य असेल. असतो तो छापील नमुना. संस्थानचं नि राजाचं नाव भरायला जागा मोकळी सोडलेली. द्यायचे विषय तीनच: संरक्षण, परराष्ट्र, दळणवळण. सातव्या कलमात म्हटलंय की पुढची राज्यघटना मान्य करायला मी बांधील नाही. आठव्यात, माझं सार्वभौमत्व अबाधित. कर, जकात, कोर्टकचेरी, सगळं राजाच्या घरातच. मघाची तुमची फुशारकी इथे जरा सैल होते.

पुढचा धक्का तुम्हाला घराजवळ नेतो. सोलापूर-तुळजापूर रस्ता, पोलीस ॲक्शनच्या आधीचं एखादं वर्ष. सोलापूर इंग्रजांचं, तुळजापूर निजामाचं. म्हणजे भवानीच्या दर्शनाला जायचं तर परक्या राज्यात शिरायचं! वाटेत करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका. रांगेत तुमच्या पुढे पंचविशीतली एक बाई उभी आहे, नाकाची ठेवण ओळखीची. ती तुमची आजी आहे, पण हाक मारायची सोय नाही. शिपाई गाठोड्याकडे बोट करून म्हणतो, "खोलो." ओटीचा नारळ, खण, हळदकुंकवाच्या पुड्या. खालचं कोरं लुगडं तो दोन बोटांनी उचलतो. विकायला की नेसायला? "देवीला आहे," आजी म्हणते. तो पुन्हा लुगड्याकडे बघतो, मग आजीकडे, आणि गाठोडं पायानेच पुढे सरकवतो. ते सरकवणं ती आयुष्यभर विसरणार नाही. तुम्हाला ती गोष्ट पाठ आहे.

पलीकडे पैसेही वेगळे. आपला रुपया तो कलदार, निजामाचा तो हाली, चारमिनारचं चित्र असलेला. साधारण सहा कलदारांना सात हाली. आजी पदराच्या गाठी दोन ठेवते आणि कुठल्या गाठीत काय ते बोटांनीच ओळखते.

आता गंमत बघा. सप्टेंबर 1948 मध्ये 13 तारखेला भारतीय फौजा निजामाच्या राज्यात शिरतात, हीच ती पोलीस ॲक्शन, आणि 17 ला निजाम शरण येतो. पाच दिवसांत राज्याचं सैन्य संपलं. हाली मात्र बाजारात चालत राहिला थेट 1959 पर्यंत. भाषांच्या रेघा त्याच्याही आधी, 1956 मध्ये आखल्या गेल्या: मराठवाडा मुंबई राज्यात आला, बेळगाव म्हैसूरकडे गेलं. त्या रेघेवरून आपण अजून भांडतो, पण कोर्टात, विधानसभेत, फार तर एसटीच्या काचांवर. दोन्ही बाजूंना पलटण एकच आहे.

युरोपने हे सगळं उलट्या टोकाने केलं. तेवढ्यासाठी एक चक्कर पॅरिसला, 30 ऑगस्ट 1954. फ्रान्सच्या संसदेची गॅलरी, धुराने आणि माणसांनी कोंदलेली. सहा देशांची एक फौज करायचा तह समोर आहे. कल्पना मुळात फ्रान्सच्याच पंतप्रधानांची, 1950 ची. मतं मोजली जातात: 319 विरुद्ध 264, तह बाजूला. खाली जिंकलेले खासदार उभे राहून राष्ट्रगीत म्हणू लागतात.

त्यानंतर त्यांनी जकात काढली, नाके काढले, नाणंही बऱ्याच जणांनी एक केलं. तुमचा फ्रँकफुर्टवाला लिस्बनला जाताना ना गाठोडं उघडतो ना पैसे बदलतो. म्हणजे जे आपण शेवटी सोडलं ते त्यांनी आधी सोडलं, आणि राजांनी पहिल्याच कागदावर जे देऊन टाकलं ते त्यांच्यात अजून ज्याचं त्याच्या घरी आहे. शिवाय इथे एका माणसाने सही केली की राज्य आलं. तिथे माणसांना विचारावं लागतं. 2005 मध्ये युरोपच्या घटनेबद्दल फ्रेंचांना आणि डच लोकांना विचारलं, दोघे नाही म्हणाले. युक्रेनच्या युद्धापासून फौजेचा विषय पुन्हा निघतोय खरा. पण 27 देश, 24 अधिकृत भाषा, आणि हुकूम कुठल्या भाषेत सोडायचा? मला विचाराल तर आपल्या नातवंडांच्या हयातीतही तो एक देश होत नाही.

हॉर्न. तुम्ही कॅबमध्ये. सिग्नल सुटलाय, कॉल परत लागलाय. 2007 मध्ये महादेवपुऱ्याची नगरपालिका मोठ्या बंगळूरमध्ये विरली, 2025 मध्ये त्याच शहराच्या पाच महापालिका झाल्या आणि हा भाग पूर्वेच्या वाट्याला आला. ड्रायव्हरला त्याचं सुखदुःख दिसत नाही. तो आरशातून विचारतो, "कन्नड बरुत्ता, सर?"

"स्वल्प स्वल्प," तुम्ही म्हणता. स्वल्पविरामातलं स्वल्प इथे रोजच्या वापरात आहे, हे तुम्हाला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं.

"आमच्यापेक्षा तुम्ही पुढे," कानात लिस्बन म्हणते.

तुमचे बूट अजून ओले आहेत.