नव्वद मिलिलिटरचा हिशेब

आजचा भाग बंगळुरूच्या बोम्मसंद्र्यातून सुरू करू. होसूर रस्त्यालगतच्या या औद्योगिक वसाहतीत डॉ. देवी शेट्टी यांचं नारायण हृदयालय आहे. लहान मुलांच्या हृदयशस्त्रक्रियेसाठी देशभरातून आईवडील तिथं येतात. अशा कुठल्याही मोठ्या रुग्णालयात, अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या बापापुढं एक कागद येतो : ‘बाळाला रक्त द्यावं लागेल, सही करा.’ त्या कागदामागचा इतिहास आज पाहू.

आधी हिशेब. एक किलोच्या बाळाच्या अंगात सगळं मिळून नव्वद मिलिलिटरच्या आसपास रक्त असतं. रक्तदानाची पिशवी असते ३५० मिलिलिटरची! तपासणीला एक मिलिलिटर काढलं, तरी ते मोठ्या माणसाचं पन्नासेक मिलिलिटर काढल्यासारखं. पुष्कळदा बाळाला रक्त लागतं, ते तपासण्यांत गेलेलं भरून काढायला.

पहिली भीती चुकीच्या रक्ताची. १९५२ साली मुंबईच्या केईएममध्ये डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना ‘बॉम्बे’ रक्तगट सापडला. साध्या तपासणीत तो ‘ओ’ दिसतो, पण त्या माणसाला ‘ओ’ रक्तही चालत नाही. गट जुळला म्हणजे सगळं जुळलं, असं नसतं. बाळाच्या रक्तात आईकडून आलेली प्रतिद्रव्येही असतात, म्हणून जुळणी करताना आईचाही नमुना मागतात.

दुसरी भीती संसर्गाची. आपल्याकडे १९८९ मध्ये रक्ताची एचआयव्ही तपासणी सक्तीची झाली. १९९६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर, १ जानेवारी १९९८ पासून पैसे घेऊन रक्त देणं बंद झालं.

तिसरी गोष्ट सर्वांत उशिरा कळली : योग्य आणि शुद्ध रक्तही जास्त होऊ शकतं. २०१९ मध्ये युरोपातल्या ६६० बाळांच्या अभ्यासाचा निकाल आला. ज्यांना प्लेटलेट्स लवकर, म्हणजे ५० हजारांखाली येताच दिल्या, त्यांच्यात २६ टक्के बाळं दगावली किंवा त्यांना मोठा रक्तस्राव झाला. २५ हजारांपर्यंत थांबलेल्या गटात हे प्रमाण १९ टक्के होतं. २०२० मध्ये अमेरिकेत १,८२४ बाळांवर लाल पेशींचा अभ्यास झाला. हिमोग्लोबिन जास्त राखण्यासाठी अधिक रक्त देऊनही, दोन वर्षांच्या वयापर्यंत जीव किंवा मेंदूच्या वाढीत काहीच फरक पडला नाही.

म्हणून आता जन्मताच नाळ अर्धा-एक मिनिट थांबून कापतात, तपासणीला थेंब मोजून घेतात, आणि एकाच दात्याची पिशवी लहान लहान भागांत करून तेच रक्त पुन्हा वापरतात.

याचा अर्थ रक्त नाकारावं असा मुळीच नाही. खरी गरज असताना ते न देणं जिवावर बेतू शकतं. पण सही करण्याआधी दोन प्रश्न जरूर विचारा : हिमोग्लोबिन किती आहे? आणि आज थांबलो तर काय होईल? चांगला डॉक्टर या प्रश्नांवर रागावत नाही.

भेटू पुढच्या भागात.