पेव

आष्ट्याहून सांगलीला निघालं की तुंग, कसबे डिग्रज मागं पडतं आणि कृष्णेच्या अलीकडं सांगलवाडी लागते. पूल ओलांडला की शहर. शहराच्या दुसऱ्या कडेला, कृष्णा-वारणेच्या संगमावर, संगमेश्वराचं हरिपूर. नाटककार गोविंद बल्लाळ देवल इथलेच. आज दोन्हीकडं शहराची वस्ती पसरली आहे. पण या उपनगरांचं खरं वैभव जमिनीच्या पोटात होतं. ते म्हणजे हळदीची पेवं.

पटवर्धनांच्या मिरजेतून 1801 साली सांगली संस्थान वेगळं झालं. पुढं इथं बाजारपेठ वाढली, हळद येऊ लागली. एवढी हळद ठेवायची कुठं? उत्तर नदीकाठच्या मातीनंच दिलं. इथली माती चिवट. खोल खणलं तरी कड ढासळत नाही, पावसाळ्यात ओल आत झिरपत नाही. वीसेक फूट खोल खड्डा, तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढं, पोट मात्र रांजणासारखं फुगलेलं. तळाला नि कडेला वाळला पाला अंथरायचा, हळद भरायची, तोंड बंद करून वर माती लोटायची. आत हवा कोंदते, म्हणून कीड जगत नाही. वर्षानुवर्षं हळद टिकते, रंगही राहतो. ना वीज, ना औषध. शेतकऱ्यानं भाव येईपर्यंत थांबावं, ही सोय गरिबाच्या आवाक्यातली होती, आणि मला ती फार मोठी वाटते.

पेव उघडलं की लगेच कुणी उतरत नसे. आतली कोंदलेली हवा जीव घेते. तोंड काही वेळ मोकळं ठेवायचं, मग कंदील खाली सोडायचा. तो विझला तर थांबायचं, जळत राहिला तर माणूस उतरायचा.

पेव मुळात धान्याचं, महाराष्ट्रभर गावोगावी असलेलं. ‘पेव फुटणे’ हा वाक्प्रचार तिथूनच आला. दडवून ठेवलेली रास एकदम बाहेर यावी, तशी एखादी गोष्ट उदंड होणं. धान्याची पेवं गेली, शब्द राहिला. हळदीची पेवं मात्र इथं टिकून होती.

मग 2005 चा महापूर आला. ज्या नदीनं माती दिली, तिचंच पाणी पेवांत शिरलं. हळद कुजली, बहुतेक पेवं निकामी झाली. 2019 च्या पुरात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांवर गेलं. धोक्याची पातळी 45 फुटांची. व्यापाऱ्यांनी आता गोदामं नि शीतगृहं धरली आहेत.

सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, याचा आनंद आहेच. पण हरिपुरात एक तरी पेव राखायला हवं. आमच्या आष्ट्याच्या शाळेची पोरं सहलीला नेता येतील, तोंडाशी उभं राहून दोरीनं कंदील खाली सोडता येईल.