तटाखालची टवाळी

श्रद्धेची टवाळी ही आजची गोष्ट नाही. २००५ साली डेन्मार्कमधल्या एका दैनिकाने व्यंगचित्रे छापली, तेव्हा जगभरचे मुसलमान दुखावले गेले. त्यानंतर आपल्या बैठकांतून एक प्रश्न वारंवार निघतो. कुणी आपल्या ईमानाची थट्टा केली तर उत्तर काय द्यायचे? हा प्रश्न आपल्याआधी अहले किताबांनाही पडला होता. त्यांनी तो कसा हाताळला, हे पाहण्यासारखे आहे.

हजरत नूह (अ.) नाव बांधत असताना कौमचे सरदार त्यांची टर उडवत, हे कुरआनाच्या वाचकाला ठाऊक आहे. बायबलच्या उत्पत्ती ग्रंथातल्या नूहच्या कथेत ही टवाळी येत नाही. मात्र देवाची आणि देव मानणाऱ्यांची सविस्तर टवाळी बायबलमध्ये दुसऱ्या एका प्रसंगात आहे, आणि तो प्रसंग इतिहासाच्या कसोटीवरही तपासता येतो. इ.स.पूर्व ७०१ मधला जेरुसलेमचा वेढा हा तो प्रसंग.

त्या काळी अश्शूरचे साम्राज्य ऐन भरात होते. निनवे, म्हणजे आजच्या इराकमधले मोसूल, ही त्याची राजधानी. इ.स.पूर्व ७२२ च्या सुमारास उत्तरेकडचे इस्राएलचे राज्य अश्शूरने बुडवले होते. दक्षिणेत यहूदाचे छोटे राज्य तेवढे उरले होते आणि हिज्कीया तिथला राजा होता. त्याने अश्शूरची ताबेदारी झुगारली, तेव्हा सम्राट सन्हेरीब फौज घेऊन चालून आला. लाखीश हे यहूदाचे भक्कम शहर पडले. हिज्कीयाने घाबरून खंडणी पाठवली. त्यासाठी इबादतखान्याच्या दारांवरचे सोनेही काढून द्यावे लागले, हे बायबल स्वतःच सांगते. आपल्या राजाची ही नामुष्की त्या लेखकांनी झाकून ठेवलेली नाही.

तरीही सम्राटाचा सरदार जेरुसलेमच्या तटाखाली येऊन उभा राहिला. बायबल त्याला रब्शाके म्हणते. हे नाव नसून दरबारातल्या एका मोठ्या हुद्द्याचा किताब आहे. परिटाच्या शेताकडे जाणाऱ्या वाटेवर, पाण्याच्या पाटापाशी उभा राहून तो बोलू लागला. मिसरच्या मदतीवर विसंबणे म्हणजे मोडक्या बोरूवर हात टेकणे, तो हातातच घुसेल, असे त्याने सुनावले. मी दोन हजार घोडे देतो, त्यांवर बसवायला स्वार तरी आहेत का तुमच्याकडे, असे हिणवले. मग तो देवाकडे वळला. हमाथचे, अर्पादचे देव कुठे गेले? शोमरोन कुणी वाचवले? मग तुमचाच देव तुम्हाला काय वाचवणार?

या टवाळीत दोन गोष्टी लक्षात घेण्याजोग्या आहेत. हिज्कीयाने गावोगावची उच्च स्थाने आणि वेद्या मोडून इबादत जेरुसलेमला एकवटली होती. साहजिकच त्यावरून लोकांत नाराजी असणार. रब्शाके नेमके तेच बोलला : ज्या देवाच्या वेद्या तुमच्याच राजाने पाडल्या, त्याच्यावर भरवसा ठेवता? घरातल्या वादाची खबर टवाळखोराला आधी लागते, हा अनुभव आपल्यालाही आहे. दुसरी गोष्ट भाषेची. राजाच्या अधिकाऱ्यांनी त्याला विनवले, की तू अरामीत बोल, आम्हाला ती समजते. तटावरच्या लोकांना कळू नये हा त्यांचा हेतू होता. त्यावर तो आणखी आवाज चढवून लोकांच्या बोलीतच बोलला. टवाळी आपल्या भाषेत आली की जास्त झोंबते, हे त्याला माहीत होते.

तटावरचे लोक गप्प राहिले. उलट बोलायचे नाही, असा राजाचा हुकूम होता. पुढे सम्राटाकडून तशाच मजकुराचे पत्र आले. हिज्कीयाने ते इबादतखान्यात नेले, देवापुढे पसरले आणि दुआ मागितली. अश्शूरच्या राजांनी देशच्या देश उजाड केले, हे त्याने दुआत मान्य केले. नाकारले ते एवढेच, की हाताने घडवलेल्या लाकडा-दगडाच्या देवांच्या रांगेत निर्माणकर्त्याला बसवता येत नाही. टवाळीतले खरे त्याने कबूल केले आणि खोटे तेवढे बाजूला काढले. यशया नबीने त्याला धीर दिला.

आता दुसरी बाजू. सन्हेरीबचा मातीच्या सहा बाजूंच्या स्तंभिकेवर कोरलेला वृत्तांत उपलब्ध आहे. त्याच्या प्रती लंडन, शिकागो आणि जेरुसलेमच्या संग्रहालयांत आहेत. तटबंदीची ४६ शहरे घेतली, २,००,१५० माणसे बाहेर काढली, हिज्कीयाला पिंजऱ्यातल्या पाखरासारखे कोंडले, असा त्याचा दावा आहे. सोन्याचा आकडा बायबलशी जुळतो : ३० किक्कार. चांदी बायबलमध्ये ३०० किक्कार, तर सम्राटाच्या हिशेबात ८००. लाखीशच्या विजयाची शिल्पे निनवेच्या राजवाड्यात होती, ती आज ब्रिटिश म्युझियममध्ये पाहता येतात. पण जेरुसलेम जिंकल्याचा दावा सन्हेरीबने कुठेही केलेला नाही. फौज का परतली? बायबल देवदूताच्या तडाख्याचे सांगते, इतिहासकार रोगराई, खंडणी अशी कारणे मांडतात. शहर वाचले, याबद्दल मात्र दोन्ही बाजूंचे एकमत आहे.

इ.स.पूर्व ६८१ मध्ये सन्हेरीब स्वतःच्या मुलाच्या कटात मारला गेला. इ.स.पूर्व ६१२ मध्ये निनवे पडले. त्याच निनवेच्या मातीवर पुढे हजरत यूनुस (अ.) यांच्या नावाची मशीद उभी राहिली. जुलै २०१४ मध्ये ती सुरुंग लावून उडवण्यात आली, आणि उडवणारे स्वतःला दीनचे रक्षक म्हणवत होते.

म्हणून मला त्या तटावरच्या गप्प माणसांचे महत्त्व वाटते. त्यांचे मौन भेकडपणाचे नव्हते. शहराची दारे त्यांनी उघडली नाहीत, फक्त टवाळखोराला हवा असलेला तमाशा होऊ दिला नाही. अल्लाहच्या आयतींची थट्टा चालली असेल तर विषय बदलेपर्यंत त्या बैठकीत बसू नका, असे कुरआनही सांगते. दुसऱ्यांच्या दैवतांना शिव्या देऊ नका, हेही त्याच किताबात आहे.

बायबलच्या लेखकांनी तर ती टवाळी पुसलीही नाही. राजे, इतिहास आणि यशया अशा तीन ग्रंथांत ती नोंदवून ठेवली. तिने आपल्या देवाचे काही उणे होत नाही, एवढा त्यांना विश्वास होता. टवाळी करणाऱ्याचा हुद्दा आज आपल्याला ठाऊक आहे. त्याचे नाव कोणत्याही ग्रंथाने ठेवलेले नाही.