दोन मिनिटांच्या उड्डाणाचा इतिहास

स्कॉटलंडच्या उत्तर टोकापलीकडे ऑर्कनी नावाचा सुमारे सत्तर बेटांचा समूह आहे. त्यांतल्या वीसएक बेटांवरच माणसांची वस्ती आहे. वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे ही उत्तरेकडची दोन शेजारी बेटे. त्यांच्या धावपट्ट्यांमधले अंतर जेमतेम पावणेतीन किलोमीटर, आणि त्या अंतरावर लोगनएअर कंपनीचे छोटे विमान नेमाने ये-जा करते. वेळापत्रकात या प्रवासाला दोन मिनिटे दिली आहेत. वारा पाठीशी असताना तो ५३ सेकंदांतही पुरा झाला आहे. जगातले सर्वांत छोटे नियमित उड्डाण म्हणून ही माहिती वर्तमानपत्रांच्या चौकटींत अधूनमधून झळकते. वाचणारा हसतो आणि पान उलटतो.

जुनी वेळापत्रके जमवण्याचा मला नाद आहे. आगगाडीची, एस.टी.ची, बोटींची, विमानांची. इतिहासाचे रीतसर शिक्षण मी घेतलेले नाही. पण वेळापत्रक कोरडे दिसले तरी त्यात एखाद्या गावाची पत लिहिलेली असते, एवढे या नादाने मला शिकवले. त्यामुळे ऑर्कनीच्या बाबतीत मला त्या ५३ सेकंदांपेक्षा दुसराच प्रश्न महत्त्वाचा वाटला. शंभरही माणसे नसलेल्या बेटावर विमान येते का, आणि इतकी वर्षे टिकले कसे? त्या शोधात हाती लागलेली कहाणी आपल्याकडच्या एका जखमेशी येऊन भिडते, म्हणून ती इथे मांडतो.

सुरुवात करावी लागते कॅप्टन एडमंड फ्रेसन यांच्यापासून. टेड या नावाने ओळखले जाणारे फ्रेसन पहिल्या महायुद्धातले वैमानिक. युद्धानंतर पैसे घेऊन हौशी लोकांना विमानातून फेरी मारून आणायची, हा त्यांचा व्यवसाय. त्याच निमित्ताने १९३१ मध्ये ते ऑर्कनीत पोचले. मुख्य भूमी आणि बेटे यांच्यामधला पेंटलंडचा समुद्र मोठा खवळता; बोटीने येणारे जेरीस येत. विमानाला तेच अंतर काही मिनिटांचे. फ्रेसननी हायलँड एअरवेज ही कंपनी काढली आणि ८ मे १९३३ रोजी इन्व्हरनेस ते कर्कवॉल ही सेवा सुरू केली. ‘द स्कॉट्समन’ या दैनिकाचे गठ्ठे त्यांच्या विमानातून जात. २९ मे १९३४ पासून टपालही जाऊ लागले, तेही जादा आकार न घेता. ब्रिटनमधली ही पहिली नियमित देशांतर्गत हवाई टपालसेवा.

पुढे फ्रेसननी बेटाबेटांना जोडायला घेतले. विमानतळ नव्हतेच. ते शेतकऱ्यांना भेटत, सपाट गवताळ रान निवडत, दगड वेचून घेत आणि तिथेच विमान उतरवत. याच काळात, १९३३ मध्ये, स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील आयला बेटावरून एका आजारी कोळ्याला विमानाने ग्लासगोच्या इस्पितळात नेले गेले आणि तिथल्या हवाई रुग्णसेवेची सुरुवात झाली. बेटांवरच्या लोकांच्या लेखी विमान म्हणजे चैनीची वस्तू, हा समज त्या दशकातच मोडला.

मग युद्ध आले. आणि युद्धानंतर राष्ट्रीयीकरण. १ फेब्रुवारी १९४७ पासून स्कॉटलंडमधल्या या सेवा ब्रिटिश युरोपियन एअरवेज या सरकारी कंपनीकडे गेल्या. ज्याने हे जाळे विणले त्या फ्रेसनना १९४८ मध्ये नोकरीतून मोकळे करण्यात आले. मोठ्या कंपनीने कर्कवॉलपर्यंतची सेवा ठेवली. गवतावर उतरून चार माणसे उचलण्याचा उद्योग तिच्या हिशेबात बसला नाही. लहान बेटांना पुन्हा बोटीवर भिस्त ठेवावी लागली, ती वीसएक वर्षे. १९६३ मध्ये फ्रेसन वारले. बेटांवर परत उतरणारी विमाने त्यांना पाहायला मिळाली नाहीत.

दुसरा अध्याय एका बांधकाम कंत्राटदाराचा आहे. विली लोगन यांच्या कंपनीकडे डंडी येथील टे नदीवरच्या पुलाचे काम होते. ठिकठिकाणच्या कामांवर वेळेत पोचता यावे म्हणून त्यांनी १९६२ मध्ये लोगनएअर काढली. सुरुवातीला ती निव्वळ भाड्याच्या विमानांची कंपनी होती. जानेवारी १९६६ मध्ये इन्व्हरनेसजवळ विमान-अपघातात लोगन दगावले. ते विमान दुसऱ्या कंपनीकडून भाड्याने घेतलेले होते. पूल त्याच वर्षी ऑगस्टमध्ये खुला झाला. कंपनी मात्र बंद पडली नाही. १९६७ मध्ये तिने ऑर्कनीतली बेटाबेटांमधली सेवा पुन्हा सुरू केली.

या वेळी हाताशी योग्य विमान होते. ब्रिटन-नॉर्मन कंपनीचे ‘आयलंडर’ १९६५ मध्ये पहिल्यांदा उडाले. दोन इंजिने, न मिटणारी चाके, आठ-नऊ प्रवाशांची जागा आणि काहीशे मीटरच्या ओबडधोबड पट्टीवरून उडण्याची ताकद. गर्दी असली तर एक प्रवासी वैमानिकाशेजारी बसतो. धावपट्टीवर अग्निशमनाचे काम बघणारी माणसे बेटावरचीच, एरवी आपले शेतगुरे सांभाळणारी. शिक्षक, डॉक्टर, बँकेचे कर्मचारी, कर्कवॉलला शिकणारी मुले असे याचे प्रवासी. पापा वेस्ट्रेवर साडेपाच हजार वर्षांपूर्वीची दगडी घरे आहेत, ती पाहायला येणारे अभ्यासकही असतात. आपल्याकडच्या मुक्कामी एस.टी.ला जे स्थान, तेच या विमानाला.

अशी सेवा तिकिटांवर चालत नाही, हे उघड आहे. १९६८ मध्ये एका स्कॉटिश बँकेने लोगनएअर विकत घेतली. पुढेही मालक बदलत गेले. आंतरबेट सेवेचा कणा मात्र ऑर्कनीच्या स्थानिक परिषदेकडे आला. फेऱ्या किती, भाडे किती, हे परिषद ठरवते, निविदा काढते आणि तूट भरून देते. कंपनी कंत्राटापुरती; वेळापत्रकाची मालकी बेटांची. एखादी फेरी कमी झाली तर जाब विचारायला लंडनला जावे लागत नाही, कारण परिषदेचा सदस्य शेजारच्या बेटावर राहतो.

आता आपल्याकडे पाहू. १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर पहिली एस.टी. धावली आणि ‘गाव तिथे एसटी’ हे ब्रीद आपण निदान रस्त्यावर खरे करून दाखवले. हवेत तसे झाले नाही. १९५३ मध्ये आपल्याही विमानकंपन्यांचे राष्ट्रीयीकरण झाले. दुर्गम भागांसाठी, मुख्यतः ईशान्य भारतासाठी, १९८१ मध्ये एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स यांनी मिळून ‘वायुदूत’ काढली. कानपूरला बनलेली एकोणीस आसनी डॉर्निअर विमाने तिच्याकडे आली. जाळे झपाट्याने पसरले आणि तोटाही. १९ ऑक्टोबर १९८८ रोजी गुवाहाटीजवळ तिचे विमान कोसळून ३४ जण गेले. पुढच्याच वर्षी सप्टेंबरमध्ये पुण्याहून हैदराबादला निघालेले डॉर्निअर उजनीच्या जलाशयात पडले. ११ जण दगावले. १९९३ मध्ये वायुदूत इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन झाली.

२०१६ मध्ये ‘उडान’ योजना आली. तूट सरकार भरून देणार, पण प्रत्येक मार्गाला तीन वर्षे. २०२३ च्या कॅगच्या अहवालातले आकडे बोलके आहेत. योजनेच्या पहिल्या तीन फेऱ्यांत ७७४ मार्ग दिले गेले, ४०३ सुरूच झाले नाहीत. जे ३७१ सुरू झाले, त्यांतल्या ११२ मार्गांनी तीन वर्षे पुरी केली आणि त्यानंतरही चालू राहिले ते अवघे ५४.

ब्रिटन श्रीमंत देश आहे आणि ऑर्कनीची लोकसंख्या आपल्या एखाद्या तालुक्याहूनही कमी आहे, हे मान्य करूनच तुलना करायला हवी. पण ‘तीन वर्षांत स्वतःच्या पायावर उभे राहा’ अशी अट पापा वेस्ट्रेला घातली असती, तर तिथले विमान १९७० मध्येच बंद पडले असते. ते आजही तुटीतच चालते. ती तूट शाळेच्या किंवा दवाखान्याच्या खर्चासारखी धरली जाते, आणि ती धरायची की नाही हे बेटांवरची माणसे ठरवतात. आपल्याकडे हा निर्णय दिल्लीत होतो. जिल्हा परिषदेला त्यात विचारलेही जात नाही. माझ्याकडच्या वेळापत्रकांत वायुदूतचे एक जीर्ण पत्रक आहे. त्यातल्या गावांची नावे वाचताना एकेक नाव कुणाच्या सहीने गळाले असेल, हा विचार मनातून जात नाही.