छपराखालचा गारवा

रेवदंड्याच्या कोटात पोर्तुगीज काळातील दगडी भिंती आणि उंच मनोरा अजून उभा आहे. तेथील जुन्या चर्चवर छप्पर मात्र राहिलेले नाही. इ. स. १७४० मध्ये चौल मराठ्यांकडे गेले आणि खाडीपलीकडे कोर्लईत आपल्या ख्रिस्ती बांधवांनी पोर्तुगीज वळणाची बोली जपली. इतिहास भिंतींचा लिहिला जातो. उन्हाचा मारा मात्र छपरावर होतो, म्हणून आज आम्ही छपराविषयीच बोलणार आहोत.

या किनाऱ्यावरील सामान्य माणसाचे घर कुडाचे. त्याला शेणमातीचा लेप, आणि वर भाताचा पेंढा किंवा माडाच्या झावळ्यांचे विणलेले झाप. शेतातून व वाडीतून उरलेलेच हे सारे साहित्य. पेंढ्याच्या काड्यांमध्ये हवा अडकून राहते आणि अशी निश्चल हवा उष्णतेला सहजासहजी वाट देत नाही. पण शाकारणी वरचेवर करावी लागे, आगीची धास्तीही असे. १८६५ साली बासेल मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना काढला. मिशन प्रॉटेस्टंट खरे. पण त्या धाटणीच्या कौलांखाली कोकणातील कॅथलिक घरेही सुखाने निजली! कौलांच्या फटींतून तापलेली हवा निसटून जाई. पुढे पत्रा आला, स्लॅब आला, आणि ती वाट बंद झाली. ३ जून २०२० च्या ‘निसर्ग’ वादळात रायगडच्या किनाऱ्यावरील असंख्य घरांची छपरे उडाली, तेव्हा मजबुतीची चिंता साहजिकच पुढे आली. गारव्याकडे कोण पाहणार?

अमेरिकेत १९७३ च्या तेलटंचाईनंतर घरे उबदार राखण्यासाठी वर्तमानपत्रांच्या रद्दीचा भुगा भिंतींत व माळ्यावर भरण्याची पद्धत फैलावली. त्यात टाकणखारासारखी द्रव्ये मिसळतात, म्हणजे आग व कीड दूर राहते. तत्त्व आपल्या पेंढ्याचेच. तेथे ऊब आत राखायची, येथे ऊन बाहेर. कागदाचा लगदाही आपल्याला परका नाही. मेथी घालून तो सुपांना व टोपल्यांना लिंपणारे हात आपल्याच घरांतले आहेत.

मात्र भिजलेला कागद उष्णता रोखत नाही, आणि वाळवीला तो प्रिय. नुसती रद्दी विजेच्या तारांजवळ रचणे तर आगीला आमंत्रण. म्हणून आधी गळती बंद करावी, पत्रा व छत यांच्यामध्ये वारा खेळता ठेवावा, आणि मगच प्रक्रिया केलेला भुगा छतावर पसरावा. समुद्राला टेकलेल्या गावांत खारी ओल फार. तेथे तो भिंतीत कोंडू नये. हात पोहोचेल अशा जागी ठेवावा, म्हणजे पावसाळा सरल्यावर चाचपून पाहता येतो.