गॅझेटियरचा आराखडा आणि उषवदाताचे व्याज

शोधनिबंधाचा आराखडा सामग्रीच्या आधी करावा की नंतर, हा प्रश्न निघाला की आम्हांस १८८३ चे नाशिक जिल्ह्याचे गॅझेटियर आठवते. जेम्स कॅम्बेल यांनी संपादिलेल्या या ग्रंथमालेची प्रकरणे जवळजवळ ठरलेलीच असत : भूवर्णन, लोकसंख्या, शेती, भांडवल, व्यापार, इतिहास आणि अखेरीस स्थळवर्णन. जिल्हे एकमेकांशी ताडून पाहण्यास ही चौकट सोयीची, हे मान्यच.

आता पांडवलेण्यांतील दहाव्या लेण्याचा शिलालेख पाहा. नहपानाचा जावई उषवदात याने ३,००० कार्षापण गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे अक्षय ठेव म्हणून ठेवले. पैकी २,००० वर दरमहा शेकडा १ व्याज. म्हणजे वर्षाला २४०, आणि त्यातून २० भिक्षूंना वस्त्रांसाठी प्रत्येकी १२. (हिशेब चोख आहे!) हा मजकूर भांडवलाचा, व्यापाराचा की इतिहासाचा? गॅझेटियरमध्ये तो भगवानलाल इंद्रजींच्या वाचनासह आला, पण स्थळवर्णनात, लेण्यांच्या खांब-ओवऱ्यांच्या मोजमापांशेजारी. भांडवलाचे प्रकरण तेवढेच वाचणाऱ्याच्या हाती तो लागणे कठीण.

आमचे बहुतेक विद्यार्थी अशीच तयार चौकट घेऊन बसतात : आधी राजवंश, मग राजकीय पार्श्वभूमी, शेवटी 'आर्थिक जीवन'. 'प्राचीन नाशिकमधील पतव्यवहार' हा ज्याचा विषय, त्याने पहिले कलम या ठेवीचेच घ्यावे : ठेव कोणाची, कोणाकडे, कोणत्या दराने, कोणासाठी. क्षत्रपांच्या वंशावळीस त्यात एक परिच्छेद पुरतो.