बोटीवरचा संसार आणि आपली छावणी

कोल्हापूरला समुद्र होता, असं म्हटलं की लोक हसतात. आत्ताही मागच्या रांगेत हसू आलंच. आपलं पाणी म्हणजे रंकाळा आणि पंचगंगा. नौदल आपण पाहिलं ते २०१९ च्या महापुरात, शिरोळ तालुक्यात त्यांची पथकं बोटी घेऊन आली तेव्हा. पण मंडळी, १८१२ पर्यंत मालवण आणि सिंधुदुर्ग कोल्हापूर राज्याचे होते. इंग्रजांच्या कागदांत इथल्या दर्यावर्द्यांना ‘मालवणी’ हे नाव शिवी दिल्यासारखं येतं, कारण त्यांची जहाजं हे लोक अडवत होते. १७६५ मध्ये इंग्रजांनी सिंधुदुर्ग घेतला आणि त्याचं नाव ‘फोर्ट ऑगस्टस’ ठेवलं. वर्षभरात जिजाबाई राणीसाहेबांशी तह करून तो त्यांना परत द्यावा लागला. पुढे १८१२ च्या तहात मात्र मालवण कायमचं गेलं आणि कोल्हापूरचा समुद्र संपला.

एवढी उजळणी पुरे. लढायांवर आज बोलायचं नाही, त्यावर भरपूर बोलून झालंय. आजचा प्रश्न साधा आहे, घरगुती म्हणा. माणूस बोटीवर राहतो म्हणजे काय करतो? झोपतो कुठे, पाणी कुठून आणतो, पावसाळ्यात कुठे जातो?

हा प्रश्न पडायला कारण आहे. कॅरिबियन बेटांमध्ये कितीतरी कुटुंबं शिडाच्या बोटीवर संसार करतात. नवरा-बायको, कधी मुलंही. तीस-चाळीस फुटांची बोट हेच घर. आज मार्टिनिक, पुढच्या आठवड्यात सेंट लुशिया, मग ग्रेनाडिन्स. नव्या देशात शिरलं की पिवळा झेंडा चढवायचा, कागदपत्रं झाली की तो उतरवून त्या देशाचा लावायचा. बाजारहाट करायची तर छोटी होडी काढून किनाऱ्यावर जायचं. पिण्याचं पाणी मोजून वापरायचं, पाऊस आला की ताडपत्री ताणून साठवायचं. आणि दिवसाचा बराच भाग कशात जातो, तर दुरुस्तीत. पंप बिघडला, शीड उसवलं, इंजिनात पाणी शिरलं. फोटोत दिसतं ते निळं पाणी आणि नारळाची झाडं. त्या फोटोच्या मागे कोणीतरी ऑइलने माखलेल्या हातांनी पाना शोधत असतं.

आता आपल्याकडे पाहा. साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या आरमाराचा आपल्याला अभिमान, सातशे-साडेसातशे किलोमीटरची किनारपट्टी. पण असा संसार करणारा मराठी माणूस दाखवा म्हटलं तर आपण थांबतो. बोटीच्या प्रत्येक भागाला आपल्याकडे शब्द आहे: नाळ, वरा, डोलकाठी, परबाण, दामण, सुकाणू. बोटीवर घर करून राहणाऱ्यासाठी रुळलेला शब्द मला सापडलेला नाही.

याचं तयार उत्तर म्हणजे सिंधुबंदी. शास्त्रांनी समुद्र ओलांडायला बंदी केली म्हणून आपण मागे पडलो, हे आपण शाळेपासून ऐकतो. मला ते उत्तर अपुरं वाटतं, किंबहुना आळशी वाटतं. बंदी लिहिणारे आणि वल्ही मारणारे एकाच घरातले नव्हते. गाबीत, भंडारी, कोळी, खारवी, दालदी यांना कोणत्या ग्रंथाने घरी बसवलं? कोकणातली गलबतं मस्कत, मोख्यापर्यंत जात होती. त्यांना अडवणारी खरी गोष्ट वेगळी होती आणि ती लेखी सापडते. तीही आपल्या कोल्हापूरच्याच कागदात.

तो कागद म्हणजे आज्ञापत्र. रामचंद्रपंत अमात्य बावडेकर, म्हणजे आपल्या गगनबावड्याचे. १७१६ च्या सुमाराचं, कोल्हापूरच्या संभाजीराजांसाठी लिहिलेलं. त्यातलं आंब्या-फणसाची झाडं रयतेची आहेत, ती तोडू नका, हे सगळ्यांना पाठ असतं, कॅलेंडरवरही छापतात. ते त्याच आरमाराच्या प्रकरणात आहे, पण त्या प्रकरणात आणखी एक मुद्दा आहे, ज्याच्याकडे कोणी पाहत नाही. आरमाराची छावणी. पावसाळ्यात दर्या खवळायच्या आधी, काही दिवस राखून, आरमार बंदरात आणून ठेवायचं. उघड्या किनाऱ्यावर नाही. खाडीच्या आत, किल्ल्याच्या संरक्षणात. आणि दरवर्षी त्याच बंदरात नाही, बंदर बदलायचं. का? कारण रिकामे बसलेले आरमारी लोक दंगा करणार, त्याचा उपद्रव रयतेला होणार, तो एकाच गावाने किती सोसायचा? अमात्यांना माणसं चांगली ओळखू येत होती.

छावणी म्हणजे काय, हे नीट समजून घ्या. वर्षातले चार महिने बोट ही राहायची जागा नाही, जपून ठेवायची वस्तू आहे. ती वर ओढायची, झापांनी शाकारायची, बुडाची लाकडं तपासायची. माणसं गावी, शेतावर. नारळी पौर्णिमेला नारळ वाहून पुन्हा पाण्यात. हे चक्र अजूनही मच्छीमारांच्या घरात चालू आहे.

कारण भूगोलात आहे. आपल्याकडे वारा वर्षातून दोनदा दिशा बदलतो. हिवाळ्यात जमिनीकडून येणारा वारा सौम्य, त्याच्या आधाराने पश्चिमेला जाता येतं आणि नैऋत्येचा वारा फार चढायच्या आत परत यायचं. पण जूनमध्ये तोच नैऋत्येचा वारा सरळ किनाऱ्यावर आदळतो. मोठा समुद्र आणि मागे किनारा, शिडाच्या बोटीला याहून वाईट जागा नाही. आसरा घ्यायचा तर खाडीत, आणि खाड्यांच्या तोंडाशी वाळूचे दांडे, त्यावर लाटा फुटतात. बाहेर राहिलात तर किनारा मारतो, आत शिरताना दांडा मारतो.

कॅरिबियनमध्ये उलट आहे. तिथे वर्षातला बहुतेक काळ वारा पूर्वेकडून येतो, दिशा फारशी बदलत नाही. बेटं उत्तर-दक्षिण अशी ओळीने, त्यामुळे प्रत्येक बेटाची पश्चिम बाजू आडोशाची. एक बेट मागे धूसर व्हायच्या आत पुढचं दिसायला लागतं. अशा ठिकाणी नांगर टाकून भात शिजवायला फार मोठी वीरश्री लागत नाही. तिथले लोक धाडसी आणि आपले भित्रे, असं काही नाही.

गंमत म्हणजे छावणी त्यांनाही चुकलेली नाही. जून ते नोव्हेंबर हा तिथला चक्रीवादळांचा काळ. मग बोटी दक्षिणेला सरकतात, ग्रेनाडा, त्रिनिदादकडे, नाहीतर यार्डात पाण्याबाहेर काढून टेकू लावून ठेवतात. अमात्यांच्या जागी तिथे विमा कंपनी आहे: अमुक अक्षांशाच्या दक्षिणेला गेला नाहीत तर वादळाची भरपाई नाही, अशी अट ती घालते. आणि अंदाज चुकतातही. ग्रेनाडा सुरक्षित समजत होते. सप्टेंबर २००४ मध्ये ‘आयव्हन’ वादळाने तिथे टेकूवर उभ्या केलेल्या बोटी पत्त्यांसारख्या एकमेकींवर पाडल्या. जुलै २०२४ मध्ये ‘बेरिल’ने कॅरियाकू बेटावर, खारफुटीत नेऊन बांधलेल्या बोटींचंही तेच केलं.

मग प्रश्न असा की छावणीच्या या चक्रातून आपल्याकडे कोणी बाहेर पडलं का? पडलं, पण त्याची सुरुवात एका इंग्रजापासून सांगावी लागते.

रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हा ब्रिटिश इंडिया कंपनीच्या जहाजांवरचा अधिकारी, मुंबईत राहणारा. १९६० च्या दशकात त्याने मुंबईच्या सुतारांकडून एक बोट बांधून घेतली, ‘सुहैली’. बत्तीस फूट, सागवानी. विलायतेहून मागवलेला आराखडा वेगळाच आला, तोही जुन्या धाटणीचा. त्याने तोच वापरला. काम वाकसाने आणि धनुकलीने फिरवायच्या गिरमिटाने झालं. हीच बोट घेऊन तो १४ जून १९६८ ला इंग्लंडहून निघाला आणि एकट्याने, कुठेही न थांबता, पृथ्वीला वळसा घालून २२ एप्रिल १९६९ ला परतला. ३१२ दिवस. असं करणारा जगातला पहिला माणूस.

आता त्या ३१२ दिवसांचा संसार पाहा. टाकीतलं पाणी नासलं, पुढे शिडावरून ओघळणारं पावसाचं पाणी धरून प्यायचं. बुडाच्या फळ्यांच्या सांध्यातून पाणी यायला लागलं, तर भर समुद्रात स्वतः बोटीखाली बुडी मारून सांधा बुजवला. आपोआप सुकाणू धरणारी यंत्रणा ऑस्ट्रेलियाच्या आसपास मोडली. रेडिओवरून संदेश जाईना. नोव्हेंबरमध्ये न्यूझीलंडजवळ दिसलेला हा माणूस थेट एप्रिलमध्ये अटलांटिकमध्ये एका टँकरला दिसला. मधले महिने घरच्यांनी काय समजायचं? त्या सगळ्या काळात खाली होतं ते मुंबईच्या सुतारांनी तासलेलं सागवान. त्यांची नावं आपण कुठे कोरलेली नाहीत.

आपल्या लष्कराच्या इंजिनिअर्सनी ‘तृष्णा’ या बोटीतून १९८५ ते १९८७ मध्ये प्रदक्षिणा केली, ती मोठी गोष्ट होती, पण ती चमूची. एकट्याने, आणि भारतात बांधलेल्या बोटीतून, हा हट्ट धरला व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांनी. १९७१ च्या युद्धातले वीरचक्राचे मानकरी. निवृत्तीनंतर राहायला कुठे गेले? फलटणजवळ विंचुर्णीला. समुद्रापासून इतकं लांब! तिथल्या माळरानावर बसून हा माणूस नौदलाच्या मागे लागला की एखादा भारतीय अधिकारी एकट्याने जगाला फेरी मारून आला पाहिजे. २०१८ मध्ये ते गेले, विंचुर्णीतच.

तयार झाले कमांडर दिलीप दोंदे. नौदलात पाणबुडे, म्हणजे पाण्याखाली काम करणारे. त्यांनी २००६ मध्ये काय केलं, तर नॉक्स-जॉन्स्टनकडे जाऊन राहिले. त्यावेळी ते सदुसष्ट वर्षांचे गृहस्थ पुन्हा एका जागतिक शर्यतीची तयारी करत होते. दोंदेंनी त्यांच्या बोटीवर पडेल ते काम केलं. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. नौदलाचा मुरलेला अधिकारी, आणि बोटीवर राहणं शिकण्यासाठी उमेदवारी करतो. कारण युद्धनौकेवर आचारी वेगळा, इलेक्ट्रिशियन वेगळा, सुकाणूवर माणूस वेगळा. छोट्या बोटीवर हे सगळे तुम्हीच.

बोट बांधली गोव्यात, दिवाडी बेटावरच्या यार्डात, रत्नाकर दांडेकर यांनी. त्यांनी यापूर्वी असली बोट बांधलेली नव्हती. छप्पन्न फूट, सुमारे २३ टन, लाकूड आणि फायबरग्लास. नाव ‘म्हादेई’, मांडवीचं जुनं नाव, आणि त्या नदीची देवीही. आधी मॉरिशसची चाचणी सफर झाली. मग १९ ऑगस्ट २००९ ला दोंदे मुंबईहून निघाले.

तारखेकडे लक्ष द्या. ऑगस्ट. अमात्यांच्या हिशोबात हे छावणीचे दिवस. पण दक्षिण ध्रुवाकडच्या महासागरात उन्हाळा असताना केप हॉर्न ओलांडायचं, तर मुंबईहून पावसातच निघावं लागतं. आपल्या ऋतूचं वेळापत्रक सोडून पृथ्वीच्या पलीकडच्या ऋतूचं धरायचं, हा या सफरीतला खरा बदल. फ्रीमँटल, लिटल्टन, पोर्ट स्टॅन्ली, केपटाऊन अशा चार थांब्यांनी ते मे २०१० मध्ये मुंबईला परतले, म्हणजे पुढच्या पावसाच्या तोंडावर. नऊ महिन्यांपैकी पाचेक महिने प्रत्यक्ष पाण्यावर, एकटे. पुढे अभिलाष टॉमी त्याच ‘म्हादेई’वरून २०१३ मध्ये न थांबता फेरी करून आले. दांडेकरांनीच बांधलेल्या ‘तारिणी’वरून २०१७-१८ मध्ये सहा महिला अधिकारी गेल्या, २०२४-२५ मध्ये दिलना के. आणि रूपा ए. अशा दोघीच.

एकट्याचा बोटीवरचा दिवस कसा असतो? तो दिवस नसतोच. झोप तुकड्यातुकड्यांत, जहाजांच्या वाटेवर असाल तर वीस-तीस मिनिटांची, मग उठून चारी बाजूंना पाहायचं. गॅसवर पातेलं ठेवायचं तर शेगडी झोपाळ्यासारखी टांगलेली, नाहीतर बोट कलली की डाळ अंगावर. ओले कपडे आठवडाभर ओलेच. आमच्या शिबाडांवरच्या खलाशांनी नारळी पौर्णिमेपासून मेपर्यंत, डेकवरच्या चुलीवर, असेच दिवस काढले असणार. फरक इतकाच की दोंदेंनी पुस्तक लिहिलं आणि त्या तांडेलांचं जमाखर्चातल्या ओळीपलीकडे काही उरलं नाही. आरमाराचा इतिहास आपण किल्ल्यांवरून लिहिला, कारण दगड टिकले. बोटी कुजल्या, त्यांच्याबरोबर बोटीवरचं जगणंही.

एक चिठ्ठी आली आहे, ती वाचतो. ‘कोल्हापूरच्या माणसाला आज बोट घेऊन राहायचं असेल तर?’ चांगला प्रश्न आहे. बोट मालवणला किंवा गोव्याला ठेवावी लागेल. आधी दुसऱ्याच्या बोटीवर दोन हंगाम फुकट काम करा, दोंदेंनी केलं तसं. इंजिन स्वतः उघडायला शिका. ऑक्टोबर ते मे राहता येईल. जून लागायच्या आत खाडीत शिरा, बोट वर काढा, शाकारा आणि गगनबावड्यावरून घरी या. आणि दरवर्षी तेच बंदर धरू नका. का ते अमात्यांनी सांगितलंच आहे.